आवाज येतो, चित्र दिसत नाही

(घरातला टीव्ही एकाएकी काळा पडला, की बहुतेक लोकांना तो कायमचा बिघडला असे वाटते. पण पुष्कळदा बिघाड लहान असतो आणि दुरुस्तही होतो. तो बिघाड कसा ओळखावा, कारागीर तो कसा दूर करतो आणि आपण कोणती खबरदारी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

पेठ वडगाव हे कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. पुणे-बंगळूर महामार्ग येथून जवळच आहे. आसपासच्या खेड्यांतील लोक खरेदीसाठी आणि दुरुस्तीच्या कामांसाठी इथे येतात.

समजा, या गावातल्या एका घरात रात्रीची जेवणे आटोपून सगळे टीव्हीसमोर बसले आहेत. क्रिकेटचा सामना रंगात आला आहे. इतक्यात पडदा काळा होतो. आवाज मात्र चालूच असतो. समालोचक धावसंख्या सांगतो आहे, प्रेक्षकांचा गलका ऐकू येतो आहे, पण दिसत काहीच नाही.

लगेच प्रत्येक जण आपले मत देऊ लागतो. चाचा म्हणतात, "पडदा गेला. आता नवाच टीव्ही घ्यावा लागणार." शेजारी म्हणतात, "आतले सगळे बोर्ड जळाले असतील." दादी मात्र विचारते, "आवाज येतोय ना? मग तो मेला कसा?"

विद्यार्थी मित्रांनो, या तिघांत दादीचे बोलणे सर्वांत शहाणपणाचे आहे. आवाज येतो, याचा अर्थ टीव्हीला वीज मिळते आहे. बाहेरून येणारा कार्यक्रम त्याच्यापर्यंत पोहोचतो आहे. आतला मुख्य बोर्डही बहुधा काम करतो आहे. मग बिघडले काय? हे समजण्यासाठी टीव्हीच्या पडद्यावर चित्र कसे दिसते, ते आधी पाहू.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचे टीव्ही म्हणजे मोठी, जड पेटी असे. तिच्यात काचेची एक मोठी नळी असे. तिला पिक्चर ट्यूब म्हणत. या नळीच्या पडद्याला आतून एका खास पदार्थाचा लेप असे. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत पडला, की तो लेप स्वतः चमके आणि चित्र दिसे. म्हणजे जुन्या टीव्हीचा पडदा स्वतःच प्रकाश देत असे.

आजच्या सपाट टीव्हीचे तसे नाही. तुम्ही ज्याला एलईडी टीव्ही म्हणता, त्याचा पडदा खरे तर एलसीडी प्रकारचा असतो. हा पडदा स्वतः मुळीच प्रकाश देत नाही. तुमच्या वर्गाच्या खिडकीचा विचार करा. खिडकीला उघडझाप करणाऱ्या लहान लहान झडपा आहेत आणि बाहेर ऊन पडले आहे. झडप उघडली, की उजेड आत येतो. मिटली, की अंधार होतो. अर्धी उघडली, तर थोडाच उजेड येतो. एलसीडी पडदा म्हणजे अशाच लाखो झडपांची खिडकी होय. चांगल्या प्रतीच्या एका टीव्हीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा. एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात! प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात. द्रवस्फटिक नावाचा पदार्थ विजेच्या इशाऱ्याने या झडपा कमीजास्त उघडतो आणि त्यांतून रंगीत चित्र तयार होते.

पण झडपा कितीही चांगल्या असल्या, तरी बाहेर ऊन नसेल तर काय उपयोग? रात्रीच्या अंधारात खिडकी सताड उघडली, तरी खोलीत उजेड येत नाही. म्हणून पडद्याच्या मागे दिवे लावावे लागतात. या मागच्या दिव्यांनाच बॅकलाइट म्हणतात. पूर्वीच्या एलसीडी टीव्हीत मागे बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असत. पुढे त्यांच्या जागी एलईडी आले आणि अशा टीव्हीला लोक एलईडी टीव्ही म्हणू लागले. नाव दिव्यावरून पडले, पण पडदा एलसीडीचाच राहिला.

ओएलईडी नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो. त्याला मागचे दिवे लागत नाहीत. नाव जवळजवळ सारखे असले, तरी या पाठात सांगितलेले त्या टीव्हीला लागू पडत नाही.

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा एक लहानसा विद्युतघटक. टीव्हीतला एलईडी तुमच्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. त्याचा प्रकाश पांढरा दिसतो, पण त्याच्या पोटात निळा प्रकाश देणारा कण असतो. त्यावर पिवळसर लेप दिलेला असतो. निळा आणि पिवळा प्रकाश मिसळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. लाल आणि हिरवे एलईडी पुष्कळ आधी तयार झाले होते. तेजस्वी निळा एलईडी मात्र शास्त्रज्ञांना अनेक वर्षे साधत नव्हता. जपानमधील निचिया कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये असा एलईडी तयार केला. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनीही या कामात मोलाची भर घातली होती. या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे हे काम आज आपल्या घराघरांत उजेड देत आहे.

आता हे एलईडी टीव्हीत कसे बसवलेले असतात, ते पाहू. बऱ्याच टीव्हींत पडद्याच्या पाठीमागे लांब, अरुंद पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीवर ठरावीक अंतराने एलईडी बसवलेले असतात. प्रत्येक एलईडीवर प्लॅस्टिकचे एक लहान भिंग असते. त्यामुळे प्रकाश एकाच जागी न पडता सगळीकडे पसरतो. पट्ट्यांपुढे प्रकाश पसरवणारा दुधी रंगाचा जाड पत्रा असतो. त्यापुढे काही पातळ चकचकीत कागदांसारखे पडदे आणि सर्वांत पुढे एलसीडीची काच असते. काही बारीक टीव्हींत एलईडी मागे नसून कडेला असतात. तिथे एक पारदर्शक जाड पत्रा कडेचा प्रकाश संपूर्ण पडद्यावर नेतो.

आपल्या बिघाडाचे मूळ या पट्ट्यांच्या जोडणीत आहे. ईद-ए-मिलाद, गणेशोत्सव किंवा लग्नसमारंभ असला, की आपण दिव्यांच्या माळा लावतो. जुन्या पद्धतीच्या माळेतला एक दिवा गेला, की सगळी माळ विझते, हे तुम्ही पाहिले असेल. कारण तिच्यातले दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. वीज पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. मध्ये एके ठिकाणी वाट तुटली, की सगळ्यांचीच वीज थांबते. या जोडणीला एकसर जोडणी म्हणतात. टीव्हीतले एलईडीही असेच जोडलेले असतात. त्याचा फायदा असा, की सर्वांतून सारखाच विद्युतप्रवाह जातो आणि सर्वांचा उजेड जवळजवळ सारखा पडतो. तोटा असा, की एकाचे दुखणे सगळ्यांना भोवते.

एका साध्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. काही एलईडी सुमारे ६ व्होल्टचे असतात. समजा, एका टीव्हीत ६ एलईडींच्या ३ पट्ट्या एकसर जोडल्या आहेत. म्हणजे एकूण १८ एलईडी झाले. ते ३ व्होल्टचे असतील, तर माळेला सुमारे ५४ व्होल्ट लागतील. ६ व्होल्टचे असतील, तर सुमारे १०८ व्होल्ट लागतील. हा साधा गुणाकार कारागिराच्या फार उपयोगी पडतो.

माळेला वीज पुरवणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. तो माळेतून ठरलेला प्रवाह जातो की नाही, यावर सतत लक्ष ठेवतो. एखादा एलईडी तुटला, की प्रवाह बंद होतो. प्रवाह पुन्हा चालू करण्यासाठी ड्रायव्हर व्होल्टेज वाढवत नेतो. तरीही काही होत नाही, असे दिसल्यावर तो धोका ओळखतो आणि स्वतःहून पुरवठा तोडतो. म्हणून काही टीव्हींत सुरू करताच क्षणभर उजेड दिसतो आणि लगेच काळोख होतो. असे दिसले, तर मागच्या दिव्यांवर पहिला संशय घ्यावा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. टीव्ही न उघडता बिघाड कसा ओळखावा? चांगला हकीम किंवा डॉक्टर औषध देण्याआधी नाडी पाहतो, प्रश्न विचारतो. टीव्हीचेही तसेच आहे. आधी निदान, मग इलाज.

पहिला प्रश्न असा, की टीव्हीवरचा लहान दिवा लागतो का? रिमोटचे बटण दाबले, तर आवाज कमीजास्त होतो का? वाहिनी बदलते का? हे सगळे होत असेल, तर टीव्ही जिवंत आहे. दिवाही लागत नाही आणि आवाजही येत नाही, तर बिघाड वीजपुरवठ्यात किंवा मुख्य बोर्डात असू शकतो.

दुसरा प्रश्न सोपा आहे, पण तो विचारायला लोक विसरतात. कोणी चुकून सेटिंग तर बदलले नाही ना? काही टीव्हींत फक्त गाणी ऐकण्यासाठी पडदा बंद ठेवण्याची सोय असते. रिमोट लहान मुलांच्या हातात गेला आणि ती सोय चालू झाली, तर पडदा काळा होतो. म्हणून टीव्ही एकदा पूर्ण बंद करून प्लग काढावा. थोड्या वेळाने पुन्हा सुरू करून पाहावे.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. तिला टॉर्चची परीक्षा म्हणू. रात्री खोलीतले दिवे बंद करा. टीव्ही चालू ठेवा. आता एक चांगला टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा पडद्याच्या अगदी जवळ, थोडा तिरपा धरा. पडद्याकडे नीट निरखून पाहा. टॉर्च हळूहळू सरकवा. रिमोटने मेनू उघडला, तर त्यातली मोठी अक्षरे शोधणे सोपे जाते. त्या उजेडात हलणारी माणसे किंवा अक्षरे अंधूकशी दिसली, तर निदान जवळजवळ पक्के झाले. झडपा उघडझाप करत आहेत, चित्र तयार होत आहे, फक्त मागचे ऊन नाही. म्हणजे बिघाड बॅकलाइटचा आहे.

टॉर्च लावूनही काहीच दिसले नाही, तर घाईने निष्कर्ष काढू नका. काही पडद्यांवर असे चित्र दिसणे कठीण असते. अशा वेळी पुढची तपासणी कारागिराने उपकरण लावूनच करावी.

पडदा पूर्ण काळा होण्याआधीही मागचे दिवे काही इशारे देतात. ते ओळखायला शिका. पडद्यावर एखाद्या ठिकाणी गोल, काळसर डाग दिसला, तर तिथला एलईडी विझलेला असू शकतो. तुम्ही म्हणाल, "एक विझला की सगळे विझतात ना?" शंका बरोबर आहे. एलईडी आतून तुटला, तर सगळी माळ विझते. पण कधी कधी तो तुटण्याऐवजी आतल्या आत जुळून जातो. मग वीज त्याच्यातून सरळ पुढे जाते. तो एकटा विझतो आणि बाकीचे चालू राहतात.

पडद्याचा अर्धा किंवा एखादा पट्टाच काळा पडला, तर त्या टीव्हीत दोन किंवा अधिक माळा आहेत आणि त्यांतली एक गेली आहे, असे समजावे. पडद्यावर चांदण्यांसारखे पांढरे, तेजस्वी ठिपके दिसू लागले, तर एलईडीवरची भिंगे निसटून पडली आहेत. उष्णतेने त्यांचा डिंक सुटतो. सगळे चित्र निळसर-जांभळे दिसू लागले, तर एलईडीवरचा पिवळसर लेप खराब झाला असण्याचा संभव असतो. याउलट पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा किंवा उभ्या रंगीत रेषा दिसत असतील, तर दोष बहुधा काचेत किंवा तिच्या जोडणीत असतो. दिवे बदलून तो जाणार नाही.

इथवरचे काम तुम्ही घरी करू शकता. यापुढचे मात्र नाही. टीव्हीचे मागचे झाकण तुम्ही कधीही उघडू नका. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. टीव्हीच्या आत ती बदलून एका कपॅसिटरमध्ये साठवली जाते. तिथले व्होल्टेज सुमारे ३२५ किंवा त्याहूनही जास्त असते. प्लग काढला, तरी ही साठवलेली वीज लगेच जात नाही. अंगणातला नळ बंद केला, तरी हौदातले पाणी राहतेच, तसा हा प्रकार आहे. नुसता हात लागला, तरी जिवावर बेतू शकते. आपली उत्सुकता कितीही मोठी असली, तरी जिवापेक्षा मोठी नाही.

मग शिकलेला कारागीर काय करतो? तो आधी प्लग काढतो आणि थोडा वेळ थांबतो. मग झाकण काढून मीटरने कपॅसिटरवरचे व्होल्टेज मोजतो. वीज शिल्लक असेल, तर योग्य रोधक लावून ती हळूहळू उतरवतो. नुसत्या स्क्रू ड्रायव्हरने दोन टोके जोडली, तर मोठी ठिणगी उडते आणि सुटे भाग खराब होतात. जाणता कारागीर तसे करत नाही.

यानंतर तो ड्रायव्हरपासून पट्ट्यांकडे जाणाऱ्या तारा शोधतो आणि टीव्ही सुरू करताना तिथले व्होल्टेज मोजतो. व्होल्टेज झपाट्याने वाढून एकदम खाली आले, तर माळ कुठेतरी तुटली आहे. व्होल्टेज वाढलेच नाही, तर पट्ट्या कदाचित चांगल्या असतील. दोष ड्रायव्हरमध्ये असेल, किंवा "दिवे लाव" असा मुख्य बोर्डाकडून येणारा हुकूमच आला नसेल. या ठिकाणी घाई करणारा मनुष्य फसतो. तो पडदा उघडतो, पट्ट्या बदलतो आणि टीव्ही काळाच राहतो. पाच मिनिटांची मोजणी न केल्यामुळे गिऱ्हाइकाचा पैसा आणि स्वतःची मेहनत वाया जाते.

माळेवरचा संशय पक्का करण्यासाठी कारागीर एलईडी टेस्टर वापरतो. हे उपकरण अगदी थोडा प्रवाह सोडून एलईडी पेटवून दाखवते. साधा मल्टिमीटर संपूर्ण माळ पेटवू शकत नाही, कारण त्याचे व्होल्टेज फार कमी असते. काही टेस्टरांच्या टोकांवर मात्र ३०० व्होल्टपर्यंत दाब असतो. म्हणून त्यांच्या उघड्या टोकांना बोट लावायचे नसते.

आता येते सर्वांत नाजूक काम, ते म्हणजे पडदा उघडणे. एलसीडीची काच रुंद आणि अतिशय पातळ असते. तिच्या कडेला कागदासारख्या चपट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांतून चित्राचे इशारे जातात. यांपैकी एक फाटली, तर पडद्यावर कायमच्या रेषा उमटतात. काच एका कोपऱ्याला धरून उचलली, तर ती वाकते आणि तडकते. म्हणून हे काम दोघांनी मिळून करायचे असते. उस्ताद एका बाजूला आणि शागीर्द दुसऱ्या बाजूला उभा राहतो. दोघे काच एकाच वेळी, सारखी उचलतात आणि स्वच्छ कापड अंथरलेल्या सपाट टेबलावर ठेवतात. मागचे पातळ पडदे ज्या क्रमाने निघतात, त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. बोटांचे ठसे आणि धूळ पुढे चित्रावर डाग होऊन दिसतात. त्यामुळे हातमोजे घालणे चांगले.

पट्ट्या दिसू लागल्या, की प्रत्येक एलईडी टेस्टरने तपासतात. मेलेला एलईडी कधी नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतो. त्यावर बारीक काळा ठिपका दिसतो किंवा तो करपलेला असतो. कधी एलईडी चांगला असतो, पण त्याचा डाग, म्हणजे कथलाने केलेला जोड, सुटलेला असतो.

आता प्रश्न येतो, की गेलेला एकच एलईडी बदलावा की सगळ्या पट्ट्या? एकच बदलला, तर खर्च कमी येतो. पण विचार करा. सगळे एलईडी एकाच दिवशी बसवले गेले. सगळे सारखेच तास जळले. सगळ्यांनी जवळजवळ सारखीच उष्णता सोसली. एकच दिवशी लावलेला ऊस जसा एकाच सुमाराला तोडणीला येतो, तसे हे आहे. आज एक गेला, तर दुसऱ्याची पाळी लवकरच येऊ शकते. मग पुन्हा काच उघडावी लागेल आणि पुन्हा ती फुटण्याचा धोका येईल. म्हणून टीव्ही जुना असेल, तर पट्ट्यांचा पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे असते.

नव्या पट्ट्या जुन्या पट्ट्यांशी जुळल्या पाहिजेत. लांबी तीच हवी. एलईडींची संख्या आणि त्यांच्यातले अंतर तेच हवे. ३ व्होल्टच्या जागी ३ व्होल्टचे आणि ६ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टचेच एलईडी हवेत. अधिक आणि उणे ही टोके उलटी जोडली, तर माळ पेटणार नाही. पट्ट्या बसवल्यावर काच लावण्याआधी सगळे दिवे पेटवून पाहायचे असतात. काच बसवल्यावर चूक सापडली, तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

काही जण एक वाईट युक्ती करतात. ते मेलेल्या एलईडीची दोन टोके तारेने जोडून टाकतात. माळ पेटते आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. पण त्या जागी काळसर डाग राहतो आणि बाकीचे थकलेले एलईडी तसेच राहतात. हा इलाज नव्हे, हे दुखणे झाकणे आहे. प्रामाणिक कारागीर असे करत नाही. करावेच लागले, तर गिऱ्हाइकाला आधी सांगतो.

हे एलईडी इतक्या लवकर मरतात तरी का? त्यांचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. पुष्कळ लोक टीव्हीचा उजेड कायम शंभरावर ठेवतात. त्यामुळे एलईडींतून जास्त प्रवाह जातो, ते जास्त तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. हे ठाऊक असलेला कारागीर नव्या पट्ट्या बसवताना ड्रायव्हरचा प्रवाह थोडा कमी करून देतो. चित्र किंचित मंद होते, पण दिवे अधिक टिकतात. तुम्ही तर याहून सोपे काम करू शकता. टीव्हीच्या मेनूत जाऊन बॅकलाइट कमी करा. खोलीत डोळ्यांना पुरेल इतकाच उजेड ठेवा. टीव्ही भिंतीला अगदी घट्ट चिकटवू नका. त्याच्या मागे हवा खेळती राहू द्या. हवेच्या झरोक्यांवर कापड टाकू नका. कोणी पाहत नसेल, तर टीव्ही बंद करा.

काही लोक सगळा दोष विजेच्या कमीजास्त दाबाला देतात. पण ड्रायव्हर माळेला ठरलेलाच प्रवाह देतो. त्यामुळे रोजचा लहानसहान चढउतार एलईडींपर्यंत फारसा पोहोचत नाही. विजा कडकडतात तेव्हाची गोष्ट वेगळी. आपल्या भागात वळिवाचा पाऊस विजांसह येतो. अशा वेळी टीव्हीचा प्लग काढावा आणि छतावरच्या डिशची तारही सोडवून ठेवावी. मात्र हे काम वादळ येण्याआधीच करायचे असते. कोल्हापूर जिल्ह्याने २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिले. पुराच्या पाण्यात भिजलेला टीव्ही वरून कोरडा दिसला, तरी तो सुरू करून पाहू नये. आत ओल आणि गाळ राहिला, तर विजेचा धक्का बसण्याचा आणि आग लागण्याचा धोका असतो.

आता पैशाचा हिशेब करू. टीव्हीत सर्वांत महाग भाग म्हणजे काचेचे पॅनेल. ते फुटले, तर त्याचा खर्च पुष्कळदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. मग दुरुस्ती परवडत नाही. पण पॅनेल चांगले असेल आणि फक्त दिवे गेले असतील, तर पट्ट्यांचा खर्च त्या मानाने बराच कमी असतो. म्हणजे "पडदा गेला" आणि "दिवे गेले" या दोन वाक्यांत एका कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या कमाईचा फरक आहे. त्यासाठीच निदान बरोबर हवे. टीव्ही दुकानात नेलात, तर अदबीने काही गोष्टी विचारा. बिघाड नेमका कशात आहे? कोणता भाग बदलणार? काढलेल्या जुन्या पट्ट्या दाखवाल का? कामाची हमी किती दिवसांची? चांगल्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

दुरुस्तीचा फायदा फक्त आपल्या खिशाला होतो, असे नाही. टाकून दिलेल्या टीव्हीत प्लॅस्टिक, काच आणि निरनिराळे धातू असतात. जुन्या एलसीडी टीव्हींतल्या नळ्यांमध्ये तर पारा असतो. तो विषारी आहे. असे संच उकिरड्यावर फेकले किंवा जाळले, तर माती, पाणी आणि हवा बिघडते. म्हणून भारत सरकारने २०२२ साली ई-कचऱ्याचे नवे नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करून घेता यावी, म्हणून २०२२ सालीच सरकारने "राइट टू रिपेअर" नावाची माहितीची सोय इंटरनेटवर सुरू केली. ज्या टीव्हीचे नुसते दिवे गेले आहेत, तो कचऱ्यात जाऊ न देणे हीसुद्धा एक प्रकारची समाजसेवाच आहे.

तुमच्यापैकी कोणाला हे काम आवडले असेल, तर ते रीतसर शिकता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. कोल्हापूरला सरकारी आयटीआय आहे. तिथे मोजमाप, डाग देणे आणि सुरक्षितपणे काम करणे शिकवतात. पेठ वडगावसारख्या गावात हे हुन्नर शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहता येते.

मित्रांनो, टीव्हीचा हा बिघाड आपल्याला एक सवय शिकवतो. डोळ्यांना जे दिसत नाही, ते नाहीच असे समजू नये. काळ्या पडद्यामागे चित्र चालूच असते, फक्त त्यावर उजेड नसतो. घाईने मत देण्याऐवजी प्रश्न विचारावा, परीक्षा करावी आणि मगच निर्णय घ्यावा. ज्याच्या हातात टॉर्च आणि डोक्यात योग्य प्रश्न असतो, त्याचे नुकसान कमी होते.

शब्दार्थ

गलका – अनेकांचा मिळून होणारा आवाज
सताड – पूर्णपणे उघडे
निदान – रोग किंवा बिघाड ओळखणे
एकसर – एकापुढे एक अशा रांगेत
भिंग – प्रकाश वळवणारी किंवा पसरवणारी काच
निरखून पाहणे – अगदी लक्ष देऊन पाहणे
जिवावर बेतणे – मरणाचा प्रसंग येणे
कथील – जोड देण्यासाठी वितळवतात तो पांढरा धातू
वळीव – पावसाळ्याआधी येणारा अवकाळी पाऊस
हुन्नर – हाताचे कसब

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबईचे दूरदर्शन केंद्र केव्हा सुरू झाले?
(आ) बॅकलाइट कशाला म्हणतात?
(इ) टीव्हीतील एलईडींचा मोठा शत्रू कोणता?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) टॉर्चची परीक्षा कशी करतात?
(आ) प्लग काढल्यावरही टीव्ही उघडणे धोक्याचे का असते?
(इ) एकच एलईडी न बदलता सगळ्या पट्ट्या बदलणे शहाणपणाचे का असते?

३. हिशेब करा. एका टीव्हीत ८ एलईडींच्या ३ पट्ट्या एकसर जोडल्या आहेत. प्रत्येक एलईडीला ३ व्होल्ट लागतात. संपूर्ण माळेला किती व्होल्ट लागतील?

४. वाक्यांत उपयोग करा : जिवावर बेतणे, वाया जाणे, स्वतःच्या पायावर उभे राहणे, खबरदारी घेणे.

५. इलाज, कारागीर, नुकसान, हुकूम हे शब्द उर्दूतही आहेत. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.